रेघ कुठे आहे ते आधी सांगा

प्रति,
मा. राज्यकर आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
वस्तू व सेवा कर भवन, माझगाव, मुंबई



जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या दुकानदारांचे हिशेब लिहिणं हा माझा धंदा. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, घोडेगाव एवढा माझा पसारा. माझ्याकडे येतात ते कृषी सेवा केंद्रवाले, सिमेंट-पत्रे विकणारे, पशुखाद्याचे डीलर, दूध संकलन करणारे, हायवेवरचे पेट्रोल पंपवाले आणि भाजीपाल्याचे व्यापारी. पत्र ई-इन्व्हॉइसबद्दल आहे. पण ते तक्रारींच्या गठ्ठ्यात जाऊन पडू नये म्हणून आधीच सांगते, की मला ई-इन्व्हॉइस हवं आहे.

का हवं, ते हिशेब लिहिणाऱ्यालाच कळेल. पूर्वी महिन्याच्या अकरा तारखेनंतर माझा फोन थांबत नसे. घेणारा म्हणायचा, आमचं बिल जीएसटीआर-२बीमध्ये दिसत नाही. विकणारा म्हणायचा, आम्ही तर भरलंय. मग कळायचं की कुणीतरी बिल नंबरात एक शून्य जास्त टाकलाय, किंवा गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर टाकताना आठ आणि बी यांची अदलाबदल झालीय. तोवर घेणाऱ्याचं क्रेडिट अडकलेलं, आणि दोघांचे पिढीजात संबंध ताणलेले. आता बिल पोर्टलवर नोंदलं की त्याला चौसष्ट अक्षरांचा नोंदणी क्रमांक, म्हणजे आयआरएन, मिळतो, सही केलेला क्यूआर कोड मिळतो, आणि तेच बिल विकणाऱ्याच्या जीएसटीआर-१ मध्ये आपोआप जाऊन बसतं. भांडण मिटलं नाही, पण निम्मं झालं. कुणी कागदावरच धंदा दाखवून क्रेडिट लाटत असेल तर त्यालाही हे अवघड जातं. तेव्हा या पद्धतीला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की उलाढालीच्या ज्या रेघेपलीकडे ती लागू होते ती रेघ आमच्याकडच्या माणसाला दिसत नाही, आणि ज्यांना दिसते ते त्याला सांगत नाहीत.

२०२३ चा जुलै आपल्याला आठवत असेल. देशभर टोमॅटो भडकला होता. दिल्लीत सरकारला सवलतीच्या टोमॅटोच्या गाड्या उभ्या कराव्या लागल्या, आणि आता पुढची आवक कुठून येणार हे सांगताना केंद्राच्या पत्रकात नारायणगाव पट्ट्याचं नाव आलं. इथल्या उपबाजारात वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या पुढे गेला. ज्यांचा तोडा नेमका त्या आठवड्यांत आला त्यांनी कर्जं फेडली, ट्रॅक्टर घेतले, त्यांचे फोटो पेपरात आले. सप्टेंबरात त्याच टोमॅटोतून तोडणीची मजुरीही निघेना. आमच्याकडे याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. टोमॅटो आहे तो, एका हंगामात माडी बांधतो आणि पुढच्या हंगामात बांधावर ओततो.

त्याच भडक्यात, १ ऑगस्ट २०२३ पासून, ई-इन्व्हॉइसची मर्यादा दहा कोटींवरून पाच कोटींवर आली.

माझगावातून बघणाऱ्याला या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध वाटणार नाही. नारायणगावातून दिसतो तो असा. एक व्यापारी धरा. नाव नको, आकडेही समजण्यापुरतेच. तो टोमॅटो, कोथिंबीर, फ्लॉवर घेऊन गुजरातेत आणि दिल्लीला पाठवतो. ताजी भाजी, त्यावर कर नाही, बिल ऑफ सप्लाय दिलं की झालं. याच माणसाचं हायवेला पीव्हीसी पाइप, सिमेंट आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. दुकान आणि भाजीचा धंदा, दोन्ही एकाच पॅनवर. दुकानाची वर्षाची विक्री सत्तर लाख, भाजीची तीन-साडेतीन कोटी. २०२३-२४ मध्ये त्याने क्रेट नेहमीएवढेच भरले. पण जुलैतल्या भावाने त्या वर्षाचा एकूण आकडा पाच कोटींच्या वर नेला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. उलाढाल मोजायची ती करपात्र मालाचीच नाही; करमाफ मालाचीही, निर्यातीचीही, आणि त्याच पॅनवर दुसऱ्या राज्यात नोंदणी असेल तर तिचीही. शिवाय पाहायचं ते फक्त मागचं वर्ष नव्हे. २०१७-१८ पासून पुढचं कोणतंही एक वर्ष पाच कोटींच्या वर गेलेलं चालतं. म्हणजे १ एप्रिल २०२४ पासून या माणसाने जीएसटी नंबर असलेल्या ठेकेदाराला पाइपची दोन बंडलं दिली तरी त्या बिलाला आयआरएन लागतो. नंतरच्या वर्षी भाव बसला आणि उलाढाल पुन्हा चार कोटींच्या आसपास आली, तरीही लागतो. त्याच्याही पुढच्या वर्षी लागतो. एका पावसाळ्याच्या भावाने माणूस रेघेपलीकडे गेला तो कायमचा गेला.

मी हे एका गिऱ्हाइकाला समजावत होते तेव्हा तो म्हणाला, "ताई, टोमॅटो तर माफ आहे ना? मग माफ मालाचे पैसे मोजायचे कशाला?" त्याला कलम दोनमधली व्याख्या वाचून दाखवता येते, ती मी दाखवलीही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र व्याख्येत नाही.

दुसरं उदाहरण पंपाचं. पुणे-नाशिक हायवेवर मंचरपासून आळेफाट्यापर्यंत किती पंप आहेत ते आपण येता-जाता पाहिलं असेल. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही. पण 'एकूण उलाढाल' या शब्दांत जीएसटीबाहेरची विक्रीही येते. चालत्या पंपाला पाच कोटी ही रक्कम किरकोळ आहे. त्यामुळे पंपावरच्या कपाटातून इंजिन ऑइलचा एक डबा किंवा युरियाच्या पाण्याची बादली एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याला दिली, आणि त्याने बिलावर जीएसटी नंबर टाकायला सांगितला, तर तिथे ई-इन्व्हॉइस आलं. गंमत म्हणजे मालवाहतूक करणाऱ्या एजन्सीला स्वतःला ई-इन्व्हॉइसमधून सूट आहे. हजार लिटर डिझेलला काही नाही, पाच लिटर ऑइलला आयआरएन. पंपावरचा पोरगा मशिनमधून निघालेली पावती फाडून देतो, कारण त्याला कुणी सांगितलेलं नसतं आणि मालकालाही नसतं.

दूध संकलनवाल्याचंही असंच. ताजं दूध माफ, पशुखाद्य माफ. पण दुधाचा धंदा आकड्याने मोठा आणि नफ्याने बारीक असतो. दिवसाला दहा-बारा हजार लिटर दूध डेअरीला घालणारा माणूस आपल्या नकळत पाच कोटींच्या पुढे असतो. मग जुना बल्क कूलर भंगारात दिला, घेणारा नोंदणीकृत निघाला, की प्रश्न उभा.

शहरातला दुकानदार पाच कोटींपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याच्याकडे दोन अकाउंटंट असतात. आमच्याकडे पाच कोटींपर्यंत पोहोचतो तो नाशवंत माल. त्याच्यामागे असतो दुकानाच्या कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर आणि बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला असलेला पुतण्या.

पराग मिल्क फूड्ससारख्या अवसरी फाट्यावरच्या कंपनीचा प्रश्न वेगळा. १ ऑक्टोबर २०२० ला पाचशे कोटींच्या वरच्यांना ही पद्धत लागू झाली. मग १ जानेवारी २०२१ ला शंभर कोटी, १ एप्रिल २०२१ ला पन्नास, १ एप्रिल २०२२ ला वीस, १ ऑक्टोबर २०२२ ला दहा. मोठ्यांकडे यंत्रणा होती, त्यांनी ती बसवली. मर्यादा पाचवर आली तेव्हा ती पहिल्यांदा आमच्या दुकानांच्या फळीपर्यंत पोहोचली. नियम वाचताना मात्र तो वरून खाली आलेला आहे हे कुठेच जाणवत नाही. पाचशे कोटींच्या कंपनीला जी व्याख्या, तीच पाच कोटींच्या भाजीवाल्याला.

आता कुणाला दिसतं आणि कुणाला दिसत नाही, त्याबद्दल.

आपल्या यंत्रणेला दिसतं. दर महिन्याच्या जीएसटीआर-३बी विवरणपत्रात, म्हणजे थ्रीबीत, करपात्र आणि करमाफ विक्री वेगवेगळ्या रकान्यांत भरलेली असते. पोर्टल त्यावरून ठरवतं की या जीएसटी नंबराला ई-इन्व्हॉइससाठी 'सक्षम' करायचं. कुणीही पोर्टलवर जीएसटी नंबर टाकून ही स्थिती पाहू शकतो. पण त्याच पोर्टलवर असंही आहे, की सक्षम दिसलात म्हणजे तुम्ही बांधीलच आहात असं नाही, आणि सक्षम दिसला नाहीत म्हणून सुटलात असंही नाही. पाहायची जबाबदारी तुमची. हा न्याय मला कळत नाही. यंत्राने मोजलं, नाव चढवलं, आणि ज्याचं नाव चढलं त्याला कळवणं तेवढं कुणाचंच काम नाही.

ईमेल जातात, एसएमएस जातात, हे मला माहीत आहे. ते कुठे जातात तेही माहीत आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा घाईघाईत नोंदण्या झाल्या आणि अनेक नोंदण्यांवर मोबाईल नंबर पडला तो सल्लागाराचा, किंवा दुकानातल्या तेव्हाच्या पोराचा. सल्लागार बदलला, पोरगं चाकणला कंपनीत लागलं, नंबर तोच राहिला. ईमेल तर कुणी उघडूनच पाहत नाही. संदेश इंग्रजीत असतो, त्यात कलम आणि नोटिफिकेशनचा नंबर असतो, आणि मुख्य गोष्ट तिसऱ्या ओळीत असते.

आणि कळवायचं ठरवलं तर आपल्याला कळवता येतं, हे आम्ही पाहिलंय. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले. ट्रॅक्टर आणि ठिबक बारावरून पाच टक्क्यांवर आले, सिमेंट अठ्ठावीसवरून अठरावर. ते माझ्या गिऱ्हाइकांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही. पेपर, टीव्ही, दुकानांवरचे फलक, सगळीकडे तेच होतं. शेतकरी सकाळी उठून डीलरला विचारत होता, आता किती कमी होणार. कर कमी झाल्याची बातमी वाडीवस्तीवर पोहोचते. नवं बंधन मात्र ज्याच्यावर आलं त्याच्याच कानावर शेवटी येतं.

कळायला उशीर झाला तर काय होतं? नियम ४८ चा पाचवा पोटनियम म्हणतो, की जिथे आयआरएन लागतो तिथे तो नसेल तर ते बिल बिलच नाही. कर भरलेला असतो, माल पोहोचलेला असतो, थ्रीबी वेळेवर गेलेली असते. तरी बिल नाही. बिल नाही म्हणून घेणाऱ्याला क्रेडिट नाही. विकणाऱ्यावर कलम १२२ चा दंड वेगळा, दहा हजार किंवा कराएवढी रक्कम, जी जास्त असेल ती. पण मला जास्त टोचतो तो घेणारा. घोडेगावकडचा एक छोटा ठेकेदार शाळेच्या दोन खोल्या बांधतो, नारायणगावच्या दुकानातून सिमेंट घेतो. त्या दुकानदाराचा भाजीचा धंदा कोणत्या साली पाच कोटींवर गेला होता हे ठेकेदाराने कसं ओळखायचं? पोर्टलवर जाऊन प्रत्येक दुकानदाराचा नंबर तपासायचा? मी माझ्या ठेकेदारांना तसं करायला सांगते, आणि ते माझ्याकडे असं बघतात की मीच हा कायदा काढलाय.

नेटवर्कचं रडगाणं मी गाणार नाही. भीमाशंकरच्या बाजूला, डिंभ्याच्या वर, नाणेघाटाकडच्या गावांत रेंज जाते हे खरं. पण पाच कोटींची उलाढाल करणारा माणूस रेंज असलेल्या गावातच बसतो. लाइट जाते, इन्व्हर्टर असतो. आपल्याकडे हे कारण कुणी सांगितलं तर खुशाल बाजूला ठेवा. सॉफ्टवेअर महाग हेही अर्धंच खरं. सरकारचं फुकटचं साधन आहे, एक्सेलमध्ये बिलं भरून एकदम चढवता येतात.

अडतं ते काउंटरवर, आणि ते बघायला आपल्या विभागातलं कुणीतरी एक दिवस जूनमध्ये नारायणगावात येऊन बसावं अशी माझी इच्छा आहे. पाऊस लागलेला असतो. कृषी सेवा केंद्राचा होलसेलर ओतूर, बेल्हे, मढच्या छोट्या केंद्रांना माल देतो. समोर चार पिकअप उभ्या, प्रत्येकाला आधी निघायचंय. बियाणं माफ, खत पाच टक्के, औषध अठरा टक्के, तिन्ही एकाच बिलात. पाच कोटींच्या वरच्याला मालाचा एचएसएन कोड सहा आकडी लागतो, चार आकडी चालत नाही. कंपनीने नवीन बुरशीनाशक काढलं की पोरगा जुन्याचाच कोड लावतो. एका गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर रद्द झालेला असतो, त्याला स्वतःलाही माहीत नसतं, पोर्टलला माहीत असतं. बिल अडकतं. पिकअप मात्र निघते, कारण सोयाबीनची पेरणी थांबत नाही. बिल रात्री होतं.

पहिल्या एप्रिलला तर दरवर्षी एक तमाशा. आमच्या दुकानांत नव्या वर्षाचं पहिलं बिल '००१' असं काढायची पद्धत. पोर्टल शून्याने सुरू होणारा नंबर घेत नाही. तिरक्या रेघेने किंवा आडव्या रेघेने सुरू होणाराही घेत नाही. ज्याने शंभर पानांचं छापील बुक करून आणलंय त्याचे पैसे गेले. दुकानाला एक बुक, गोडाऊनला एक, दोन्हींवर नंबर एकपासून, ही दुसरी सवय. आयआरएन तयार होतो तो विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, कागदाचा प्रकार, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष यांवरून. म्हणजे एका वर्षात एक नंबर एकदाच. गोडाऊनवाल्याचं पहिलं बिल गेलं की दुकानवाल्याला पडद्यावर २१५० दिसतं: दुबार आयआरएन. गोडाऊनवाला भाऊ, दुकानवाला भाऊ, आणि मधे मी.

रद्द करायचं तर चोवीस तासांत. आमच्याकडचा परतीचा माल चोवीस तासांत परत येत नाही. औषधाचा बॉक्स गावी जातो, दोन दिवस पाऊस, तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक म्हणतं, हा नको दुसरा द्या. मग क्रेडिट नोट, आणि तिलाही आयआरएन. यात चूक काही नाही, शिकावं लागतं एवढंच. खतवाल्यांना सरकारी यंत्राचं भय राहिलेलंही नाही; अनुदानाचं खत ते कित्येक वर्षं शेतकऱ्याचा अंगठा घेऊन पॉस मशिनवर विकतायत. तेच पोतं आधी पॉसवर, मग बिलिंगमध्ये, आणि घेणारा व्यापारी असेल तर पोर्टलवर. एका पोत्याची तीन ठिकाणी नोंद, तिन्ही सरकारच्याच सांगण्यावरून.

माझ्या बाजूच्या लोकांनाही मी सोडत नाही. ई-इन्व्हॉइस नको म्हणणाऱ्यांत काहींना खरी अडचण असते आणि काहींना मागची तारीख हवी असते. मार्चअखेरीला ठेकेदार येतो, फेब्रुवारीचं बिल द्या म्हणतो. आता बिलावर कुठलीही तारीख टाका, पोर्टल पोच देतं त्यावर खरी तारीख आणि वेळ उमटते. दहा कोटींच्या वरच्यांना तर १ एप्रिल २०२५ पासून तीस दिवसांनंतर बिल चढवताच येत नाही. कच्चं बिल आणि पक्कं बिल ही आमच्या बाजारातली जोडी आपल्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. दुकानदार विचारतो, पक्कं पाहिजे का? तेव्हा तो मालाबद्दल बोलत नसतो. ही जोडी मोडायची असेल तर मी आपल्या बाजूची आहे. पण लबाडाला रेघ नीट माहीत असते. तो साडेचार कोटींवर दुसऱ्याच्या नावाने दुसरा पॅन उभा करतो. सापडतो तो ज्याने सगळा धंदा एकाच पॅनवर सरळ दाखवला. करमाफ विक्री थ्रीबीच्या रकान्यात जो प्रामाणिकपणे भरतो, त्याचाच आकडा आपल्या यंत्रणेला दिसतो. जो ती भरतच नाही, त्याचं नाव यादीत येतच नाही.

हिशेब लिहिण्याचं आमच्याकडे कुणाला वावडं आहे असं समजू नका. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात यज्ञात दिलेल्या गाई आणि कार्षापणं अंकांत मोजून कोरलेली आहेत. देशातल्या जुन्यात जुन्या अंकलेखनांत तो लेख धरतात. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात. जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याचा लेख आहे, म्हणजे व्यापारी संघटनाही इथे नवी नाही. पेशवाईतल्या दप्तरांना जुन्नरी कागद लागायचा. वसुली आणि नोंद, दोन्ही या तालुक्याने बऱ्याच राजवटींच्या पाहिल्यात.

तर मागणी काय? दोन आहेत. एक आपल्या हातातली आणि एक नसलेली.

हातात नसलेली आधी सांगते. मर्यादा ठरवताना करमाफ शेतमालाची विक्री मोजू नये, किंवा निदान 'कोणतंही एक वर्ष' याऐवजी लागोपाठ दोन वर्षांची अट असावी. हे जीएसटी परिषदेचं काम आहे. पण परिषदेत महाराष्ट्राचा मंत्री बसतो आणि त्याच्या हातात जो कागद असतो तो आपल्या विभागातून जातो. त्या कागदात नारायणगावच्या २०२३ च्या टोमॅटोबद्दल दोन ओळी असाव्यात. परिषदेने ९ सप्टेंबर २०२४ च्या बैठकीत किरकोळ गिऱ्हाइकाच्या बिलांनाही ई-इन्व्हॉइस आणण्याचा ऐच्छिक प्रयोग करायचं ठरवलंय. ऐच्छिक आहे तोवर ठीक. पण ती लाट आमच्यापर्यंत येण्याआधी ही पहिली लाट तरी नीट जिरू द्या.

हातातली मागणी साधी आहे. दरवर्षी जानेवारीच्या विवरणपत्रांनंतर आपल्याकडे दहा महिन्यांचे आकडे असतात. ज्याची उलाढाल साडेचार कोटींच्या पुढे गेली आहे त्याला फेब्रुवारीत पत्र पाठवा. मराठीत, छापील, टपालाने, दुकानाच्या पत्त्यावर. त्याच वेळी जुन्नर आणि मंचरच्या बाजार समित्यांच्या फलकांवर तेच लावा, म्हणजे ज्याचा करमाफ आकडा आपल्या यंत्रणेला दिसत नाही त्यालाही दिसेल. फेब्रुवारी यासाठी, की तेव्हा टोमॅटोचा हंगाम नसतो, खताची गर्दी नसते आणि माणूस खुर्चीत बसून वाचू शकतो. मार्चअखेरीला पत्र आलं तर ते काचेखाली जाईल. आणि ज्याने पत्र मिळाल्यावर पहिल्या एप्रिलपासून सुरुवात केली, पण पहिल्या तिमाहीत चार बिलं चुकली आणि कर भरलेला आहे, त्याच्या गिऱ्हाइकाचं क्रेडिट तोडू नये असं एक परिपत्रक क्षेत्रीय कार्यालयांना काढा.

पत्राचा मसुदा करण्यात कुणाचा वेळ जाऊ नये म्हणून खाली लिहून देते. सही तेवढी आपली लागेल.

"नमस्कार. आपण सरकारला दिलेल्या माहितीवरून यंदा आपल्या पॅनवरची एकूण विक्री पाच कोटी रुपयांच्या जवळ पोहोचली आहे किंवा पुढे गेली आहे. यात कर नसलेला माल, म्हणजे भाजीपाला, दूध, बियाणे, पशुखाद्य, तसेच डिझेल-पेट्रोलही मोजलेले आहे. विक्री पाच कोटींच्या वर गेल्यास येत्या १ एप्रिलपासून, जीएसटी नंबर असलेल्या गिऱ्हाइकाला करपात्र माल विकताना प्रत्येक बिलाला पोर्टलवरून आयआरएन घ्यावा लागेल. साध्या गिऱ्हाइकाला आणि शेतकऱ्याला दिलेल्या बिलाला तो लागत नाही. करमाफ मालाच्या बिलाला लागत नाही. एकदा ही पद्धत लागू झाली की पुढे विक्री कमी झाली तरी ती चालू ठेवावी लागते. बिलाचा नंबर शून्याने सुरू करू नका. दोन ठिकाणी बिले फाडत असाल तर दोन्हीकडचे नंबर वेगळे ठेवा. आयआरएन नसल्यास आपल्या गिऱ्हाइकाला कराचे क्रेडिट मिळणार नाही. मंचर आणि नारायणगाव येथे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बाजार समितीच्या आवारात आमचे अधिकारी कॉम्प्युटर घेऊन बसतील. दुकानात बिलं बनवणाऱ्यालाच पाठवा, सल्लागाराला नको."

शेवटचं वाक्य माझ्या पोटावर पाय देणारं आहे, तरी ते काढू नये.

आपली विश्वासू,
मंचरची एक हिशेब लिहिणारी